स्वस्त वाइनची परीक्षा कोण घेतो?

बेंगळूरुमधील एखाद्या मोठ्या सुपरमार्केटात संध्याकाळी थोडा वेळ उभे राहिले, तर एक दृश्य हमखास पाहायला मिळते. बिस्किटे आणि चीज यांच्या पलीकडे, काचेआडच्या कोपऱ्यात वाइनच्या बाटल्या मांडलेल्या असतात. तिशी-पस्तिशीचे एखादे जोडपे तिथे थबकते. एक बाटली हाती घेऊन उलटसुलट पाहते, परत ठेवते, दुसरी उचलते. लेबलावरची मजकुराची भाषा गोड असते. पण बाटलीत काय आहे, हे त्यातून कळत नाही. शेवटी नजर किमतीच्या चिठ्ठीकडे वळते. सर्वांत स्वस्त बाटली घ्यायला संकोच वाटतो, सर्वांत महाग परवडत नाही. म्हणून मधली कोणती तरी टोपलीत जाते. किंमत हाच या ग्राहकाचा एकमेव वाटाड्या असतो.

भारतात हा वाटाड्या सर्वाधिक दिशाभूल करणारा आहे. जगातील बहुतेक बाजारांत स्वस्त लाल वाइनची किंमत तिच्या द्राक्षांविषयी, उत्पादनखर्चाविषयी, निदान स्पर्धेविषयी काही तरी सांगते. आपल्याकडे ती प्रामुख्याने केंद्राच्या सीमाशुल्काविषयी आणि राज्याच्या अबकारी खात्याविषयी सांगते. म्हणजेच वाइन चांगली की वाईट, हे ठरवण्याचे काम जिभेने करायचे असताना ते करांच्या तक्त्याने आपल्याकडे घेतले आहे. ही केवळ शौकिनांची तक्रार असती, तर राष्ट्रीय घडामोडींच्या स्तंभात तिला जागा द्यायचे कारण नव्हते. परंतु या प्रश्नात द्राक्ष बागायतदारांचे उत्पन्न, राज्यांचा महसूल, परदेशांशी होणारे व्यापार करार आणि दारूबंदीचा नैतिक आग्रह असे चार धागे गुंतलेले आहेत. म्हणूनच तो गांभीर्याने पाहायला हवा.

झाकलेल्या बाटल्या

काही आठवड्यांपूर्वी आम्ही सहा परिचितांनी घरी एक साधा प्रयोग केला. चार लाल वाइन आणल्या: दोन नाशिक परिसरातल्या, एक कर्नाटकातली आणि एक दक्षिण अमेरिकेतून आयात झालेली. पहिल्या तिन्ही हजार रुपयांच्या आतल्या होत्या. चौथीची किंमत त्यांच्या दुपटीहून अधिक होती. बाटल्यांना वर्तमानपत्राचे कागद गुंडाळले, क्रमांक घातले आणि कोणती कुठली हे ज्याला ठाऊक होते, त्याला पंच केले. उरलेल्या पाच जणांनी चव घेऊन कागदावर गुण लिहायचे, आपसांत बोलायचे नाही, एवढाच नियम.

अशी परीक्षा घेताना पाहायचे तरी काय? पहिली गोष्ट वास. ताज्या फळाचा वास येतो, की उकळलेल्या जॅमचा, की ओल्या पुठ्ठ्याचा? पुठ्ठ्यासारखा कुबट वास बहुधा बुचाच्या दोषातून येतो. शिजलेल्या फळाचा वास बाटली उष्णतेत पडून राहिल्याचे सांगतो. दुसरी गोष्ट आंबटपणा. उष्ण प्रदेशात द्राक्षे लवकर गोड होतात, पण त्यांतले आम्ल झपाट्याने उतरते. मग वाइन जड आणि बेचव लागते. तिसरी गोष्ट तुरटपणा, ज्याला टॅनिन म्हणतात. कडक चहाने जीभ आवळते, तसा हा अनुभव असतो. द्राक्षाची साल आणि बी पूर्ण पिकण्याआधीच गरात साखर भरली आणि तोडणी झाली, तर हा तुरटपणा कच्चा, हिरवट राहतो. चौथी गोष्ट साखर. वाइनमध्ये मागे ठेवलेली थोडी साखर पुष्कळ दोष झाकते. स्वस्त वाइनमध्ये तिचा वापर जगभर होतो. त्यात लबाडी नाही, पण ग्राहकाला ते माहीत असायला हवे. आणि शेवटची गोष्ट म्हणजे घोट गिळल्यावर तोंडात काय उरते: चव, की केवळ मद्याची जळजळ?

यात आणखी एक साधी दक्षता लागते. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी, हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा आहे. तिथली खोली म्हणजे 16 ते 18 अंश. आपल्याकडे मार्च महिन्यात 32 अंशांच्या खोलीत उघडलेली बाटली कितीही चांगली असली, तरी तिच्यातले मद्य नाकात चढते. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवणे, ही स्वस्त वाइन सुधारण्याची सर्वांत स्वस्त युक्ती आहे.

निकाल असा लागला. आयात केलेली महाग वाइन तिसरी आली. कर्नाटकातली दुसरी. चारही बाटल्यांत सर्वांत स्वस्त असलेली नाशिकची वाइन पहिली आली, आणि पाचांपैकी तिघांनी तिला सर्वाधिक गुण दिले. आनंदाच्या भरात आमच्यापैकी एकाने दुसऱ्या दिवशी तीच वाइन, त्याच लेबलाची, दुसऱ्या एका दुकानातून आणली. ती शिजल्यासारखी लागत होती. बुचाच्या कडेने ओघळ आल्याची खूण होती. कुठे तरी गोदामात किंवा ट्रकमध्ये तिने उन्हाळा काढला असावा. लेबल तेच, किंमत तीच. पण चव निराळी.

सहा जणांचा घरगुती खेळ म्हणजे संशोधन नव्हे. तथापि संशोधनही याच दिशेला बोट दाखवते.

जिभेची साक्ष

2001 साली फ्रान्समधील बोर्दो येथे 54 जणांवर झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात पांढऱ्या वाइनमध्ये चव नसलेला लाल रंग मिसळण्यात आला. चाखणाऱ्यांनी तिचे वर्णन लाल वाइनसाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दांत केले. 2008 मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी एकच वाइन एकदा 10 डॉलरची आणि एकदा 90 डॉलरची म्हणून दिली. महाग म्हणून दिलेली अधिक आवडली, आणि मेंदूतील सुखाशी निगडित भागातही तशीच हालचाल दिसली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात सहा हजारांहून अधिक झाकून केलेल्या चाचण्यांचे निकाल तपासले गेले. किंमत ठाऊक नसताना सामान्य माणसांना महाग वाइन अधिक आवडत नाहीत, उलट किंचित कमी आवडतात, असे त्यातून दिसले. ज्यांनी वाइनचे शिक्षण घेतले आहे, त्यांच्याबाबत मात्र चित्र वेगळे होते.

या शेवटच्या वाक्याकडे दुर्लक्ष करू नये. ‘सगळे थोतांड आहे’ असा निष्कर्ष काढणे सोपे असते, पण तो बरोबर नाही. गुणवत्ता असते आणि ती शिकून ओळखता येते. अमेरिकेतील ट्रेडर जोज या दुकानसाखळीने 2002 पासून ‘चार्ल्स शॉ’ नावाची वाइन कॅलिफोर्नियात 1.99 डॉलरला विकली. तिच्या शिराझने 2004 मध्ये एका मोठ्या स्पर्धेत पदक मिळवले, तेव्हा जाणकारांचीही भंबेरी उडाली. यातला धडा असा, की स्वस्त वाइन चांगली असू शकते. पण ती चांगली असल्याचे कळण्यासाठी ग्राहकाला वारंवार चाखता यावे, तुलना करता यावी आणि चूक झाली तर ती परवडावी. दोन डॉलरच्या बाटलीत चूक परवडते. भारतात मात्र ही चूक करण्याची सोयच ठेवलेली नाही.

पहिला परीक्षक: सीमाशुल्क

आयात वाइनवर भारतात दीर्घकाळ 150 टक्के सीमाशुल्क आकारले जात आले आहे. 2021 च्या अर्थसंकल्पाने त्याची फोड बदलली: मूळ शुल्क 50 टक्के आणि कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर 100 टक्के. ग्राहकाच्या दृष्टीने बेरीज तीच राहिली. राज्यांच्या दृष्टीने मात्र फरक पडला, कारण उपकराचा पैसा राज्यांशी वाटून घ्यावा लागत नाही. समजा, एखादी बाटली आपल्या बंदरात 200 रुपयांना येऊन पडली. सीमाशुल्काचे 300 रुपये मिळवले, की ती 500 ची होते. यानंतर आयातदाराचा नफा, राज्याचे शुल्क, लेबल नोंदणी, मूल्यवर्धित कर, घाऊक आणि किरकोळ विक्रेत्याचा वाटा. युरोपातील मजूर जेवणासोबत पितो ती वाइन आपल्या शहरांत ‘खास प्रसंगाची’ होऊन बसते. आमच्या प्रयोगातील तिसऱ्या क्रमांकाच्या बाटलीचे रहस्य हेच होते. ती महाग नव्हती. तिच्यावरचा कर महाग होता.

व्यापार करारांनी हे चित्र बदलेल, असे सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार 29 डिसेंबर 2022 रोजी अमलात आला. त्यानुसार 5 डॉलरहून अधिक आयातमूल्य असलेल्या बाटलीवरचे शुल्क 150 वरून 100 टक्क्यांवर आले आणि दहा वर्षांत ते 50 टक्क्यांवर जाईल. 15 डॉलरहून अधिक मूल्याच्या बाटलीवरचे शुल्क 75 टक्क्यांवर आले आणि दहा वर्षांत ते 25 टक्क्यांवर जाईल. 5 डॉलरच्या खालच्या बाटलीला मात्र कसलीही सवलत नाही. युरोपीय संघाशी झालेल्या दीर्घ वाटाघाटींतही वाइनवरील शुल्क हा कळीचा मुद्दा होता.

5 डॉलर ही रक्कम लहान वाटते. पण ते बंदरावरचे मूल्य आहे, दुकानातले नव्हे. युरोपातील सुपरमार्केटात तेवढ्या पैशांत तिथले कर आणि दुकानदाराचा नफा भरून चांगली रोजची वाइन घरी येते. म्हणजे जगाची जी खरी ‘स्वस्त’ वाइन, ती आपल्या करारांतून नेमकी वगळली गेली आहे. सवलतीचा मोठा वाटा मिळतो तो आधीच श्रीमंत असलेल्या पेल्याला. या रचनेमागचा हेतू मात्र उथळ नाही. परदेशातली अतिरिक्त, मोठ्या टाक्यांतून ओतलेली वाइन कवडीमोलाने भारतात येऊ लागली, तर देशी वाइन उद्योग आणि त्याला द्राक्षे पुरवणारा शेतकरी टिकणार नाही, ही भीती खरी आहे.

दुसरा परीक्षक: राज्ये

प्रश्न असा, की ज्या देशी वाइनला हे संरक्षण दिले, तिला आपण देशात तरी मोकळे फिरू देतो का?

राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीत मद्याचे उत्पादन, वाहतूक, खरेदी-विक्री आणि त्यावरील अबकारी कर हे सारे राज्यांच्या अखत्यारीत आहे. मानवी सेवनासाठीचे मद्य वस्तू व सेवा कराच्याही बाहेर आहे. एवढेच नव्हे, तर देशातील अन्य राज्यांत तयार झालेल्या मद्यावर प्रतिशुल्क लावण्याची मुभाही त्याच सूचीत आहे. परिणामी नाशिकची वाइन कर्नाटकात आणि कर्नाटकातील नंदी हिल्सची वाइन महाराष्ट्रात जवळजवळ परदेशी पाहुण्यासारखी प्रवेश करते. प्रत्येक राज्यात स्वतंत्र लेबल नोंदणी, स्वतंत्र परवाना, स्वतंत्र किंमतपत्रक. मोठ्या कंपनीला हा खर्च पेलतो. वर्षाला काही हजार पेट्या काढणाऱ्या छोट्या वाइनरीला तो झेपत नाही. तिची वाइन कितीही उत्तम असो, ती दिल्लीच्या किंवा कोलकात्याच्या फडताळावर दिसतच नाही. जी स्पर्धेतच उतरू शकत नाही, तिची परीक्षा कोण घेणार?

महाराष्ट्राने 2001 मध्ये आणि कर्नाटकाने 2007 मध्ये वाइनसाठी धोरणे आखली, ती स्वागतार्हच होती. परंतु प्रत्येक राज्याने आपल्याच द्राक्षांच्या वाइनला सवलत दिली. राष्ट्रीय बाजारपेठ घडण्याऐवजी छोटी-छोटी संस्थाने उभी राहिली. दुसरीकडे गुजरात, बिहार, नागालँड आणि मिझोराम या राज्यांत दारूबंदी आहे, आणि राज्यघटनेचे अनुच्छेद 47 सर्वच राज्यांना त्या दिशेने प्रयत्न करण्यास सांगते. त्याच वेळी बंदी नसलेल्या बहुतेक राज्यांच्या तिजोऱ्या मद्याच्या करावर विसंबून आहेत. ज्याला आपण पाप म्हणतो त्यावरच आपले अंदाजपत्रक उभे राहते, या विसंगतीतून कोणतेही सुसंगत धोरण निघणे कठीण आहे.

बागेतला माणूस

या सगळ्या हिशेबात ज्याचे नाव लेबलावर कधीच नसते, तो म्हणजे द्राक्ष बागायतदार. भारतात पिकणाऱ्या द्राक्षांतला अगदी लहान हिस्सा वाइनला जातो. बहुतांश द्राक्षे खाण्याची किंवा बेदाण्याची असतात. वाइनची द्राक्षे लहान, जाड सालीची आणि बियांची असतात. ती बाजारात टोपलीत घालून विकता येत नाहीत. इथल्या हवामानात वेल हिवाळ्यात झोपी जात नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळ छाटणी. एवढा खर्च करून पिकवलेला माल घेणारा एकच, करार करणारी वाइनरी. तिने पाठ फिरवली, की शेतकऱ्यापुढे दुसरे दार नसते.

हे घडून गेले आहे. 2008 ची जागतिक मंदी आणि त्याच वर्षी मुंबईवर झालेला दहशतवादी हल्ला यांनंतर हॉटेलांतली मागणी कोसळली. टाक्यांत वाइन पडून राहिली, त्या काळातील एक अग्रगण्य कंपनी बुडाली आणि अनेक शेतकऱ्यांनी शियाझ, कॅबर्नेचे वेल उपटून टाकले. हॉटेलांतल्या उच्चभ्रू ग्राहकावर उभा असलेला उद्योग किती ठिसूळ असतो, याचा हा धडा होता. घरी जेवणाबरोबर रोजची साधी वाइन घेणारा ग्राहकवर्ग असता, तर तो धक्का एवढा जीवघेणा ठरला नसता. अर्थात त्यासाठी रोजची साधी वाइन चांगली आणि विश्वासार्ह असायला हवी.

सुपरमार्केटचा वाद

याच तर्काने 27 जानेवारी 2022 रोजी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने किमान 100 चौरस मीटरच्या सुपरमार्केटांत स्वतंत्र कपाटातून वाइन विकण्यास मान्यता दिली. त्यावर वादळ उठले. विरोधी पक्षांनी टीका केली, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि निर्णयाची अंमलबजावणी लांबणीवर पडली. गोव्यात सुपरमार्केटात वाइनची बाटली मिळणे ही रोजची बाब आहे. बेंगळूरुतही ती नवलाई राहिलेली नाही. मग महाराष्ट्रातच एवढा क्षोभ का, असा प्रश्न महानगरी वर्तुळांत काहीशा उपहासाने विचारला गेला.

तो उपहास मला मान्य नाही. 1992 मध्ये आंध्र प्रदेशातील नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावच्या स्त्रियांनी अरकाविरुद्ध उभारलेला लढा राज्यभर पसरला आणि सरकारला झुकावे लागले. महाराष्ट्रात गावातले दुकान बंद करायचे की नाही यासाठी ‘उभी बाटली, आडवी बाटली’ असे मतदान होते, आणि आडव्या बाटलीला कौल देणाऱ्या बायकांनी घरात काय सोसलेले असते, हे त्यांना कुणी शिकवण्याची गरज नाही. ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हा उद्योगाच्या समर्थकांचा लाडका युक्तिवाद या स्त्रियांपुढे टिकत नाही. वैज्ञानिकदृष्ट्याही तो टिकत नाही. लाल वाइन हृदयाला हितकर असते, ही समजूत 1991 पासून अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीने जगभर पसरवली. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केले, की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित नाही. वाइनची बाजू मांडायची असेल, तर ती औषध म्हणून नव्हे, मद्य म्हणूनच प्रामाणिकपणे मांडायला हवी.

आणि तशी ती मांडता येते. ज्या राज्यात मद्यविक्री कायदेशीर आहे, तिथे प्रश्न ‘विकावे की नाही’ एवढाच उरत नाही. काय, कुठे आणि कोणत्या माहितीसह विकावे, हाही असतो. उन्हाने तापलेल्या, जाळीआडच्या दुकानात घाईघाईने पिशवीत कोंबली जाणारी बाटली चवीलाही घातक आणि सवयीलाही. तिथे माणूस चव शोधत नाही, नशा शोधतो.

चार साध्या सुधारणा

पहिली सुधारणा लेबलाची. युरोपीय संघात 8 डिसेंबर 2023 पासून नव्या वाइनसाठी घटक आणि पोषणमूल्ये जाहीर करणे बंधनकारक झाले आहे. आपल्याकडे 2019 पासून मद्यासाठी अन्नसुरक्षेचे नियम आणि आरोग्याचा इशारा आहे. त्यात द्राक्षाची जात, तोडणीचे वर्ष आणि प्रतिलिटर साखर या तीन ओळी ठळकपणे छापण्याची भर घालावी. मधुमेहाने ग्रासलेल्या देशात शेवटची ओळ तरी वादाचा विषय होऊ नये.

दुसरी सुधारणा साठवणुकीची. वाइन विकण्याच्या परवान्याबरोबर गोदामातील आणि दुकानातील तापमानाची अट असावी, आणि ती तपासली जावी. दूध आणि लस यांसाठी शीतसाखळी उभारणाऱ्या देशाला हे अशक्य नाही.

तिसरी सुधारणा राज्यांतील सीमांची. एका राज्याने तपासून नोंदवलेले लेबल दुसऱ्या राज्याने नाममात्र शुल्कात मान्य करावे, एवढा जरी परस्पर करार वाइन पिकवणाऱ्या आणि पिणाऱ्या राज्यांत झाला, तरी छोट्या वाइनरींना देश खुला होईल. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. राजकीय इच्छा लागते.

चौथी सुधारणा संमतीची. सुपरमार्केटातली विक्री वरून लादू नये. ज्या प्रभागात ती व्हायची, तिथल्या मतदारांना, विशेषतः स्त्रियांना, ती नाकारण्याचा हक्क द्यावा. ज्या उद्योगाला आपला माल सभ्य आहे असे वाटते, त्याने या कौलाला घाबरण्याचे कारण नाही.

या चारही गोष्टी झाल्या, तरी लाल वाइन भारताचे राष्ट्रीय पेय होणार नाही, आणि व्हायचीही गरज नाही. झणझणीत रश्श्यासोबत तुरट वाइन घेतली, की तिखट आणखी भडकते. आपल्या बहुसंख्य ताटांना ताक आणि पाणीच पुरेसे आहे. पण ज्यांना ती घ्यायची आहे त्यांना ती पारखता यावी, आणि ज्याने ती पिकवली त्याला चांगल्या पिकाचा मोबदला चांगला मिळावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

आमच्या त्या संध्याकाळी कागद सोडल्यावर पहिल्या क्रमांकाची बाटली पाहून एक मित्र चकित झाला. तो ती गेली तीन वर्षे सुपरमार्केटात पाहत होता, पण एकदाही उचलली नव्हती. कारण विचारले, तेव्हा म्हणाला, “इतकी स्वस्त आहे, तर काय चांगली असणार?” दुसऱ्या दुकानातून आलेल्या बाटलीनंतर त्याचे मत पुन्हा पूर्वीसारखे झाले. नाशिकच्या ज्या बागायतदाराची द्राक्षे त्या दोन्ही बाटल्यांत होती, त्याने एक ग्राहक मिळवला आणि चोवीस तासांत गमावला. यांपैकी कोणत्याही गोष्टीची वार्ता त्याच्यापर्यंत कधी पोहोचणार नाही.